विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत अपघात होतात ते नेमके कशाने?

प्रश्न असा आहे: बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलांच्या हातून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अपघात का होतात, आणि विभागाच्या नोंदवहीत दर वेळी ‘विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहिलेलं असताना त्यातून कारण कसं शोधायचं?

चूक सगळ्यांच्याच हातून होते, पंचवीस वर्षं शिकवणाऱ्यांच्याही. ती नुसती सांडलवंड राहते की अपघात होतो, हे त्या क्षणी हाताखाली किती माल होता, तो कशात होता आणि शेजारी काय ठेवलं होतं यावर ठरतं. हे सगळं प्रयोग सुरू होण्याआधी कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि पदवीच्या वर्गात तरी ते ठरवणारा विद्यार्थी नसतो. म्हणून मुलगा धांदरट होता हे खरं असलं तरी त्या नोंदीचा उपयोग शून्य. धांदरट मुलं पुढच्या वर्षीही येणार आहेत.

अपघातांची तऱ्हा वर्षागणिक बदलते. एफवाय-एसवायला कापणं, भाजणं आणि डोळ्यात उडणं; टीवायपासून ऑरगॅनिक वाढलं की आग; संशोधनात स्फोट आणि विषारी वायू. एकच नियमांचा फलक सगळ्यांना पुरत नाही तो यामुळे.

खालच्या वर्गांत सर्वाधिक रक्त काढते ती काच. रबरी बुचाच्या भोकात थर्मामीटर, थिसल फनेल किंवा वाकवलेली नळी घालताना मुलं एका हातात बूच धरतात आणि दुसऱ्या हाताने नळी लांबून, बहुधा वाकणाशीच धरून, दाबतात. नळी मध्येच मोडते आणि मोडकं टोक बूच धरलेल्या तळहातात घुसतं. अंगठ्याच्या मुळाशी नसा आणि स्नायुबंध अगदी वरवर असतात, त्यामुळे जखम लहान दिसली तरी बोटाची हालचाल जाऊ शकते. पद्धत साधी आहे. भोक नळीच्या जाडीला जुळणाऱ्या कॉर्क बोररने पाडायचं, नळीची टोकं ज्योतीवर गोल करून घ्यायची, ग्लिसरीनचा थेंब लावायचा, दोन्ही हातांत जाड फडकं घ्यायचं, नळी बुचापासून २-३ सेंमीवर धरायची आणि दाबण्याऐवजी फिरवत आत न्यायची. जुनी, चिकटून बसलेली नळी ओढून काढायचीच नाही. बूच ब्लेडने उभं चिरायचं. बूच काही रुपयांचं असतं. पिपेटला रबरी बल्ब बसवताना आणि कंडेन्सरची रबरी नळी काढतानाही काच अशीच मोडते. फुटलेल्या काचेसाठी वेगळं खोकं नसलं की पुढची जखम सफाई करणाऱ्या मावशींच्या हाताला होते, आणि ती नोंदवहीत येतही नाही.

पिपेट तोंडाने ओढणं अजूनही काही कॉलेजांत चालतं. तोंडात द्रव जातो तो जोरात ओढल्याने नाही. लहान बीकरमध्ये ३० मिली द्रावण घेऊन त्यातून २५ मिली ओढताना पातळी खाली जाते, टोक उघडं पडतं, हवा शिरते आणि वरचा सगळा स्तंभ एका झटक्यात तोंडात येतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनला हे हमखास घडतं. बल्ब द्याच; आणि बीकरमध्ये पिपेटच्या दुप्पट द्रावण घ्यायला लावा, कारण हवा शिरली तर माप बिघडतं, आणि मापाच्या धाकाने मुलं जास्त ऐकतात.

आता डोळे. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४. त्यावर पाणी ओतलं तर पाणी वर तरंगतं, सीमेवरच उकळतं आणि आम्ल घेऊन उडतं. ‘आम्ल पाण्यात’ हे पाठ सगळ्यांना असतं. चूक भांड्यात होते: मुलं विरलन, म्हणजे आम्ल पातळ करणं, मेजरिंग सिलिंडरमध्ये किंवा रिएजंट बाटलीत उरकतात, साध्या काचेचा तळ उष्णतेने तडकतो आणि गरम आम्ल टेबलावरून मांडीवर येतं. विरलन बोरोसिलिकेट बीकरमध्ये, थंड पाण्यात, कडेने थोडं थोडं सोडत आणि ढवळत करायचं, निवलं की मग बाटलीत.

टेस्ट ट्यूब उकळताना उडणारा द्रव बहुधा समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपली टेबलं समोरासमोर असतात, मध्ये फक्त बाटल्यांची मांडणी. नळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरलेली, ज्योत थेट तळाला, आणि आत १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. अमाइडच्या चाचणीला हे मिश्रण अशी उसळी घेतं की नळी जवळजवळ रिकामी होते. नळी तिरपी धरून द्रवाच्या वरच्या भागापासून तापवायची, हलवत राहायची आणि तोंड भिंतीकडे. पण गॉगल मात्र शेवटचा बर्नर बंद होईपर्यंत सगळ्या बॅचने घालायचा असतो, ज्याचं काम चालू आहे त्यानेच नाही. आपलं काम संपवून जर्नल लिहीत बसलेली मुलगी गॉगल काढून बसलेली असते, आणि उडतं ते तिच्याकडे. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. त्याच्या बाजू उघड्या असतात.

डोळ्याला आम्लापेक्षा अल्कली वाईट. ती ऊती विरघळवत आत जात राहते आणि वेदना सुरुवातीला कमी वाटू शकते. नळाखाली पापण्या उघड्या धरून घड्याळ लावून किमान १५ मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. उलट क्रम नको. डोळे धुण्याच्या फवाऱ्याचं अमेरिकी मानक सांगतं की तिथे १० सेकंदांत पोचता यायला हवं आणि पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअस हवं. नागपूर-जळगावकडे एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला सोसवत नाही, ते भाजलेल्या डोळ्यात सोडायचं का याचा विचार आधी करून ठेवा: सावलीतली वेगळी टाकी, किंवा निदान झाकलेली पाइपलाइन. फवारा दर आठवड्याला चालवून बघा. पहिलं पाणी गंजाचं असतं.

पदवीच्या ऑरगॅनिक प्रॅक्टिकलमधला सर्वांत धोकादायक प्रयोग माझ्या मते लॅसेनची चाचणी (सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक, हॅलोजन आहे का ते पाहणारी) आहे, आणि ती आपण सर्वांत घाईत उरकतो. सोडियम केरोसिनमधून काढायचं, फिल्टर पेपरवर टिपायचं, बारीक वाटाण्याएवढा तुकडा इग्निशन ट्यूबमध्ये वितळवायचा, चिमूटभर पदार्थ घालायचा, नळी लालबुंद करायची आणि चायना डिशमधल्या १०-१५ मिली पाण्यात बुडवून फोडायची. यात बिघडायच्या जागा बऱ्याच आहेत. तुकडा मोठा घेतला किंवा नळी पुरती तापली नाही तर न वापरलेलं सोडियम उरतं आणि पाण्यात पडताच फटकन पेटतं. नळी आतून ओली असेल तर वितळण्याच्या टप्प्यालाच उडते. नमुना क्लोरोफॉर्मसारखा क्लोरीनयुक्त द्रव किंवा बहुनायट्रो संयुग असेल तर वितळलेल्या सोडियमशी त्याचा स्फोट होऊ शकतो. अनोळखी नमुने वाटणाऱ्या शिक्षकाने हे वाटण्यापूर्वीच पाहायचं, कारण मुलाला नमुना काय आहे हे माहीत नसणं हाच प्रयोग आहे. बुडवताना मुलं डिशवर वाकतात. आणि शेवटी, कापताना उरलेल्या कपच्या बेसिनमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात जातात. अर्ध्या तासाने बेसिनमधून ज्वाळा येते तेव्हा जवळ वेगळाच कोणीतरी उभा असतो.

यावर उपाय आहे. लाल नळी थेट पाण्यात बुडवण्याऐवजी ती पूर्ण गार होऊ द्यायची, फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) थोडं मिथेनॉल किंवा इथेनॉल थेंबाथेंबाने घालून उरलेलं सोडियम मारायचं, बुडबुडे थांबले की पाणी घालून उकळायचं आणि गाळायचं. बुडवायचीच असेल तर डिशवर ताबडतोब तारेची जाळी झाका. सोडियम मुलांनी बाटलीतून काढू नये. परिचराने कापलेले तुकडे केरोसिनच्या वॉच ग्लासमध्ये ठेवून एकेक द्यावेत, आणि कपच्यांसाठी अल्कोहोलचा वेगळा बीकर ज्योतीपासून दूर ठेवावा. सोडियम नकोच असेल तर कोरडा सोडियम कार्बोनेट आणि जस्ताची भुकटी वापरून हीच चाचणी करता येते.

टॉलेन्स अभिकर्मकाचा, म्हणजे अल्डिहाइड ओळखायला वापरतात त्या अमोनियातल्या सिल्व्हर नायट्रेटचा, धोका चाचणीनंतर सुरू होतो. आतून चांदीचा आरसा धरलेली नळी स्टँडमध्ये तशीच ठेवली, किंवा ‘उद्याच्या बॅचला उपयोगी पडेल’ म्हणून बाटलीभर करून ठेवलं, तर काही तासांत सिल्व्हर नायट्राइडचा काळा थर बसू शकतो. तो नुसत्या हलवण्यानेही फुटतो. लागेल तेवढंच, नळीतच करायचं आणि वापरून झाल्यावर लगेच विरल नायट्रिक आम्लाने धुवायचं. इनऑरगॅनिकच्या मिश्रणात कोणी क्लोरेट किंवा परमँगनेट घातलं असेल तर तीव्र सल्फ्युरिक आम्लाची चाचणी तोंडावर उडू शकते, म्हणून त्या चाचणीला डाळीच्या दाण्याएवढाच नमुना.

आगीचं कारण शोधायला गेलं की बहुतेकांना वाटतं की द्रव सांडून पेटला. पेटते ती वाफ. डायइथाइल इथरचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो) उणे ४५ अंश, उत्कलनबिंदू ३४.६ अंश, आणि वाफ हवेच्या अडीच पट जड. ती टेबलावरून घरंगळत जाते, कडेवरून खाली उतरते आणि चार-पाच फुटांवरच्या दुसऱ्याच मुलाच्या बर्नरला गाठते. एका टेबलावर इथरने एक्स्ट्रॅक्शन आणि दुसऱ्यावर बर्नरने मेल्टिंग पॉइंट असं वेळापत्रक लावलं की आगीची तयारी झालीच. आपल्याकडे प्रॅक्टिकल परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येतात, तेव्हा विदर्भात खोलीचं तापमानच इथरच्या उत्कलनबिंदूवर असतं. अशा दिवसांत इथरऐवजी इथाइल ॲसिटेट वापरता येईल तिथे वापरावं. त्याचाही फ्लॅश पॉइंट उणे ४ आहे, पण उत्कलनबिंदू ७७. इथेनॉलमधून रीक्रिस्टलायझेशन उघड्या बीकरमध्ये, जाळीवर, बर्नरने करणं मात्र कुठल्याच महिन्यात नको. कॉनिकल फ्लास्क, वॉटर बाथ आणि ज्योत विझवलेली.

बंपिंगही, म्हणजे उकळता द्रव एकदम उसळणंही, इथेच येतं. पोर्सेलिनचे तुकडे टाकायचे राहिले आणि उकळायला आलेल्या द्रवात आठवण झाल्यावर टाकले, की साठलेली उष्णता एकदम सुटते आणि फ्लास्कमधलं सगळं बर्नरवर येतं. राहिले असतील तर आधी तापवणं थांबवा, गार होऊ द्या, मग टाका. स्पिरिट लॅम्प जळत असताना भरणं हाही असाच प्रकार. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून मुलाला तो विझलाय असंच वाटतं. सूक्ष्मजीवशास्त्रात काचेचा स्प्रेडर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरतात. तो गरम असतानाच परत बुडवला की बीकर पेटतो. तिथे रुंद तोंडाचा २५० मिलीचा बीकर कशाला हवा? ५० मिलीत २० मिली पुरतं, आणि शेजारी झाकायला पेट्री डिश.

रिफ्लक्सच्या (द्रव उकळत ठेवून वाफ कंडेन्सरने थंड करून परत आणण्याच्या) अपघातात मात्र पाणीपुरवठा गुन्हेगार असतो. दुपारी टाकी रिकामी होते, कंडेन्सर कोरडा पडतो, फ्लास्क तापवणारा विजेचा हीटिंग मँटल चालूच राहतो आणि वाफ खोलीत. किंवा उलट: रात्री नळाचा दाब वाढतो, न बांधलेली रबरी नळी निसटते आणि पाणी मँटलवर. वीज गेली की फ्यूम हूड बंद पडतो. आली की हॉट प्लेट आपोआप सुरू होते, पण अडकलेलं स्टरर सुरू होतंच असं नाही, आणि न ढवळलेला थर खालून तापत जातो. नळीला दोन्ही टोकांना तार किंवा क्लिप आणि लहान पंपाने फिरवलेलं बादलीतलं पाणी एवढ्याने यातलं बरंच टळतं.

बंद बाटल्यांचा स्वतंत्र विचार करा. तीव्र अमोनिया ४० अंशांच्या खालीच उकळायला लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्या बाटलीचं बूच सैल करताच फवारा चेहऱ्यावर येतो. बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवून हूडमध्येच उघडायची. सेपरेटिंग फनेलमध्ये आम्लाचा अंश असलेलं द्रावण बायकार्बोनेटने धुताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. बूच लावून हलवण्याआधी फनेल उघडाच गोल फिरवायचा आणि मग दर दोन हिसक्यांनंतर तोटी वर करून वायू सोडायचा. सर्वांत फसवी म्हणजे वेस्टची बाटली. आम्लाची अडीच लिटरची रिकामी तपकिरी बाटली धुतल्यासारखी करून सॉल्व्हंट वेस्टला ठेवतात. तळाशी नायट्रिक आम्ल राहिलेलं असतं, वर ॲसिटोन किंवा अल्कोहोल पडतं, झाकण घट्ट. क्रिया हळूहळू वेग घेते आणि बाटली फुटते तेव्हा खोलीत कोणी असेलच असं नाही. नायट्रिकच्या बाटलीत सॉल्व्हंट कधीच नाही, आणि वेस्टचं झाकण वायू सुटेल असंच. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनही एकत्र नकोत. अल्कलीचा अंश असला की ते मिश्रण जोरात तापतं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. बाजारात मिळणारे स्वस्त ॲप्रन बरेचदा टेरिकॉटचे असतात. पेटल्यावर ते वितळून कातडीला चिकटतात. सुती, पूर्ण बाह्यांचा ॲप्रन घ्यायला लावा. ओढणी ॲप्रनच्या आत किंवा घडी करून बॅगेत, केस बांधलेले, पायांत बंद बूट. चपलेतल्या पायावर गरम पाणीसुद्धा पुरेसं असतं. हातमोज्यांबद्दल मात्र गैरसमज फार. पातळ लॅटेक्सचे मोजे अनेक सेंद्रिय द्रव मिनिटांत, कधी सेकंदांत आरपार जाऊ देतात. डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या मोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. जून १९९७ मध्ये त्या पारदविषबाधेने वारल्या. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की तो द्रव तशा मोज्यातून १५ सेकंदांच्या आतच पार होतो. कार्यशाळेतल्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) तर मोजे घालायचेच नाहीत. फिरत्या चकात मोज्याचा धागा अडकला की हात सोबत जातो. एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठात रात्री एकटीच लेथवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे केस अडकले आणि ती दगावली.

संशोधनातल्या अपघातांत मुळाशी वारंवार सापडतो तो प्रमाणाचा प्रश्न. टेक्सास टेक विद्यापीठात ७ जानेवारी २०१० ला झालेल्या स्फोटाचा अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने केलेला तपास प्रत्येक मार्गदर्शकाने वाचावा असा आहे. निकेल हायड्राझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या वर करायचं नाही, असं मार्गदर्शकांचं म्हणणं होतं. ते तोंडीच होतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. दर वेळी नवा छोटा नमुना करून मापनात फरक पडू नये म्हणून विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम एकदम केलं. लहान नमुना द्रवात ओला असताना आदळून पेटत नाही असं त्यांना दिसलं होतं, त्यावरून मोठा ढीगही ओला असेल तर निर्धोक असा निष्कर्ष काढला गेला. गुठळ्या फोडायला खलबत्ता घेतला. काम झालंसं वाटून त्यांतला एक विद्यार्थी बाजूला झाला, गॉगल काढला, आणि शेवटचं एकदा ढवळायला परत आला. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. त्याच संशोधनगटांत आधी दोन निसटते प्रसंग घडून गेले होते. त्यांचा धडा कुणाकडे नीट पोचलेला नव्हता.

इथे ‘विद्यार्थ्याने नियम मोडला’ म्हणणं सोपं आहे. पण मोठा नमुना करण्यामागचा त्याचा हेतू विज्ञानाच्या दृष्टीने बरोबरच होता: एकसारखा माल हवा. ती गरज कोणाला तरी आधी दिसायला हवी होती आणि तिला सुरक्षित वाट द्यायला हवी होती. प्रमाण वाढवताना भौतिकशास्त्रही बदलतं. क्रिया १०० पट मोठी केली की उष्णता १०० पट निर्माण होते, पण त्याच आकाराच्या भांड्याचं क्षेत्रफळ वाढतं सुमारे २१ पट. म्हणजे प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला थंड होण्यासाठी आधीच्या जेमतेम एक पंचमांश पृष्ठभाग. जी क्रिया १० मिलीत बर्फाशिवाय झाली ती एक लिटरमध्ये बर्फातही हाताबाहेर जाते ती याच हिशेबाने. म्हणून प्रमाण एका वेळी दुप्पट-तिप्पटच वाढवायचं, प्रत्येक टप्प्याला आतलं तापमान थर्मामीटरने पाहायचं, आणि मर्यादा वहीत लेखी, मार्गदर्शकाच्या सहीने.

अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ ला घडलेलं प्रकरणही प्रमाणाचंच होतं. हवेत आपोआप पेटणारं टर्शरी ब्यूटाइल लिथियम २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यक ६० मिलीच्या प्लॅस्टिक सिरिंजने ओढत होती. दट्ट्या नळीतून निसटला आणि द्रव पेटला. अंगात ॲप्रन नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता, जवळच हेक्झेन होतं. १८ दिवसांनी ती वारली. अशा अभिकर्मकाची सिरिंज निम्म्यापेक्षा जास्त भरायची नाही, सुई लांब, बाटली क्लँपमध्ये, आणि प्रमाण पन्नास मिलीच्या घरात गेलं की सिरिंज बाजूला ठेवून दुतोंडी सुईने, नायट्रोजनच्या हलक्या दाबाने द्रव न्यायचा. हे तंत्र वाचून येत नाही. आधी नुसतं पाणी, मग कोरडं हेक्झेन घेऊन तीच कृती कोणाच्या तरी समोर करून दाखवल्यावरच खरी बाटली हातात द्यायची.

वायूंच्या बाबतीत धोक्याची खूण अनेकदा आधी दिसलेली असते. हवाई विद्यापीठात १६ मार्च २०१६ ला हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण भरलेल्या ४९ लिटरच्या टाकीचा स्फोट झाला आणि एका पोस्टडॉक संशोधिकेचा हात गेला. उपकरणाला हात लावताना स्थिर विजेचे चटके बसतात हे त्याआधी बोललं गेलं होतं. हायड्रोजन पेटवायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात. माणसाला जाणवणारी ठिणगी त्याच्या कितीतरी पट असते. म्हणजे चटका जाणवला त्याच वेळी काम थांबायला हवं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ ला शॉक वेव्हच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात एक संशोधक दगावला आणि तिघे जखमी झाले. द्रव नायट्रोजनला मुलं घाबरत नाहीत, पण एक लिटरचे जवळपास ७०० लिटर वायू होतात. लहान, बंद खोलीत किंवा लिफ्टमध्ये तो सांडला तर ऑक्सिजन इतका उतरतो की चक्कर आल्याचं कळायच्या आत माणूस पडतो. लिफ्टमधून कॅन एकटा पाठवा, माणूस जिन्याने.

जुन्या साठ्याचा अपघात साफसफाईच्या दिवशी होतो. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीआधी कपाटं रिकामी करताना वाळलेलं पिक्रिक आम्ल किंवा वर्षानुवर्षांचं इथर, टेट्राहायड्रोफ्युरान सापडतं. बुचाच्या आट्यांत पिक्रिकचे खडे किंवा सॉल्व्हंटमधल्या पेरॉक्साइडचे स्फटिक असतील तर झाकण फिरवण्याच्या घर्षणानेच स्फोट होऊ शकतो. अशी बाटली उघडायची नाही, हलवायची नाही. खोली बंद करून जाणकारांना बोलवायचं. पेरॉक्साइड होणाऱ्या सॉल्व्हंटवर उघडल्याची तारीख लिहा, तीन महिन्यांनी पोटॅशियम आयोडाइडने तपासा, आणि डिस्टिल करताना फ्लास्क कधीही कोरडा होऊ देऊ नका. काय विकतोय हे न बघता भंगार काढल्याने काय होतं ते २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसलं: दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेल्या जुन्या गॅमा उपकरणातला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० भंगार बाजारात फुटला, आणि विद्यापीठाच्या आवाराशी काही संबंध नसलेला कामगार त्यात मेला.

व्यवस्थेतली दोन कारणं तुमच्या हातात आहेत. एक म्हणजे वेळ. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिला तास हजेरी, जर्नल तपासणी आणि साहित्य मिळवण्यात जातो. तापवणं, गाळणं, वाळवणं सगळं शेवटच्या चाळीस मिनिटांत कोंबलं जातं. घाई मुलाच्या स्वभावातून कमी आणि या कोंबण्यातून जास्त येते. साहित्य आधी मांडून ठेवा आणि ज्वलनशील काम पहिल्या तासात घ्या. दुसरं म्हणजे नजर. वीस मुलांच्या बॅचला एक शिक्षक, आणि तो जर्नलवर सह्या करतोय. त्या वेळी प्रयोगशाळेत कोणीच नसतं असं समजा. सह्या शेवटी, बर्नर बंद झाल्यावर. संशोधनात याचंच रूप म्हणजे रात्री एकटं काम करणं. वाचन, लेखन, मोजमाप एकट्याने चालेल; तापवणं, दाब, निर्वात, पेटणारे अभिकर्मक यांना हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस हवाच.

सुरुवातीचा तोंडी प्रश्नही बदलून बघा. ‘प्रयोगाचा हेतू काय?’ ऐवजी प्रत्येकाला विचारा: आज तुझ्या टेबलावर सर्वांत जास्त प्रमाणात कोणता पेटणारा द्रव आहे, किती मिली, आणि तो सांडला तर जवळची ज्योत कुठे आहे? ज्याला उत्तर येत नाही त्याने शेल्फकडे बघून यावं, मग काम सुरू करावं.

नोंदवहीतून कारण शोधायचं तर रकाने बदलावे लागतील: पदार्थ, त्याचं प्रमाण, भांडं, तापवण्याची पद्धत, घटनेची वेळ आणि प्रॅक्टिकल सुरू होऊन किती मिनिटं झाली, शेजारी काय होतं, अंगावर काय होतं, मूळ कृतीपासून काय बदललं होतं आणि तो बदल कोणी सुचवला. इजा झाली नाही असे प्रसंगही त्याच वहीत, नावाशिवाय. नाव लिहायचं म्हटलं की मुलं फुटलेला फ्लास्क बॅगेत घालून नेतात. ‘विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाने आग’ याऐवजी अशी नोंद होईल: ‘पेट्रोलियम इथर, २५० मिली, उघडा बीकर; तीन फुटांवर मेल्टिंग पॉइंटचा बर्नर चालू; वेळ ४.४०, प्रॅक्टिकल सुरू होऊन १६० मिनिटं. हूडमध्ये जुन्या बाटल्या असल्याने काम टेबलावर. कृतीत सॉल्व्हंट ३० मिली सांगितलं होतं, पण विन्चेस्टरच्या मोठ्या बाटलीतून थेट ओतून घेतलं.’ यानंतर शिक्षा कोणाला हा प्रश्न मागे पडतो आणि कामं समोर येतात: सॉल्व्हंट ५० मिलीच्या बाटल्यांत भरून द्यायचं, हूड रिकामा करायचा, मेल्टिंग पॉइंटसाठी विजेवरचं उपकरण घ्यायचं.